समुद्र नसलेल्या शहराचा किनारा

हैदराबादेत पाऊस संध्याकाळी पाच ते सातच्या दरम्यान पडतो. हवामान खातं याला दुजोरा देणार नाही, पण हायटेक सिटीतून घरी निघालेली माणसं शपथेवर सांगतील. ढग दिवसभर गंडिपेटेकडे दबा धरून बसतात आणि ऑफिसं सुटली की कामावर रुजू होतात. मग अमीरपेटच्या मेट्रो स्टेशनच्या जिन्याखाली अर्धं शहर गोळा होतं. कुणी तेलुगूत घरी कळवतो, 'इरुक्कुपोयाम'. कुणी दखनीत वैतागतो, 'फस गए यारो'. मराठी माणूस (कुठल्याही जिन्याखाली एक तरी असतोच) बायकोला सांगतो, 'अडकलोय गं, तुम्ही जेवून घ्या.' आणि हीच तिन्ही माणसं फोन कानावरून काढून ऑफिसच्या ग्रुपवर जे लिहितात, ते मात्र एकच असतं : स्ट्रँडेड.

या शब्दाला वजन आहे. 'अडकलो' म्हटलं की थोडा वेंधळेपणा आपल्याही पदरात पडतो. छत्री का नाही नेली, लवकर का नाही निघालास, असे प्रश्न मागोमाग येतात. 'स्ट्रँडेड' माणसाला असलं काही कुणी विचारत नाही. त्याच्यावर काहीतरी भव्य आणि अपरिहार्य कोसळलेलं असतं. दुसऱ्या दिवशीच्या इंग्रजी पेपरातही तो 'हजारो स्ट्रँडेड'मध्ये मोजला जातो, म्हणजे छापून आल्याचं समाधान वेगळंच.

शब्द आला कुठून, हे जिन्याखाली विचारावं, तिथे सगळ्यांना वेळ असतो. बहुतेकांचं उत्तर धाग्यापाशी जातं. इंग्रजीत दोराच्या पेडाला, केसांच्या बटेला स्ट्रँड म्हणतात. गुंता झाला, पाय अडकला, माणूस स्ट्रँडेड झाला. व्युत्पत्ती इतकी पटण्यासारखी आहे की ती खोटी निघाल्याचं वाईट वाटतं. पेडाचा स्ट्रँड निराळा. दोघांचं नुसतं आडनाव एक, कूळ वेगळं. आपला स्ट्रँड म्हणजे समुद्रकिनारा. जुन्या इंग्रजीतला हा शब्द जर्मन, डच, स्वीडिश या भावकीत आजही त्याच अर्थाने नांदतो आहे. जर्मन माणूस वर्षभर पैसे साठवून, रजा मंजूर करून घेऊन, टॉवेल बगलेत मारून आपल्या श्ट्रांटवर जातो आणि तिथे आनंदाने पडून राहतो. इंग्रजांनी मात्र सतराव्या शतकात याचं क्रियापद केलं ते जहाजांसाठी. वादळाने फेकलेलं किंवा ओहोटीने फसवलेलं जहाज किनाऱ्याच्या वाळूवर चढून बसलं की ते स्ट्रँड झालं. माणसांवर हा शब्द ओढवला तो बराच नंतर, एकोणिसाव्या शतकात.

तेव्हा अमीरपेटच्या जिन्याखालचा आपला मित्र साहेबाला कळवतो आहे ते हे, की मी किनाऱ्याला लागलो असून पाणी ओसरलं आहे. हे तो कळवतो आहे समुद्रसपाटीपासून सुमारे 540 मीटर उंचीवरून, गुडघाभर पाण्यातून.

हैदराबादला समुद्र नाही. पूर्वी गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीचं बंदर होतं ते मछलीपट्टणला. हिरे आणि रंगीत कापड तिथून जगभर जायचं. पण गाडीने तिथे जायचं म्हटलं तर आजही तीनशेहून अधिक किलोमीटर. ही उणीव शहराने आपल्या पद्धतीने भरून काढली, तळ्यांनाच सागर म्हणायला लागलं. सोळाव्या शतकात बांधलेला हुसेन सागर, नंतर उस्मान सागर, त्यानंतर हिमायत सागर. (पैठणच्या धरणाच्या जलाशयाला आपण नाथसागर म्हणतो, म्हणजे ही खोड मराठवाड्यातही आहे.) हुसेन सागरावर दरवर्षी शिडाच्या होड्यांच्या शर्यती होतात. संध्याकाळी टँकबंडच्या कठड्याला टेकून भाजलेलं कणीस खाणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर चौपाटीचेच भाव असतात. अशा शहराला स्ट्रँडेड व्हायचा हक्क नाही असं कसं म्हणायचं?

मराठीला या बाबतीत शब्दांचा तुटवडा नाही. वाहतूक खोळंबते, फाइल रखडते, पाहुणा ताटकळतो, भक्त तिष्ठतो, गाडीचं चाक रुततं, उंदीर सापळ्यात सापडतो आणि शहाणा माणूस व्यवहारात फसतो. एकाच्या जागी दुसरा चालत नाही. फाइल ताटकळली असं म्हटलं तर तिला पाय फुटतात, आणि पाय फुटलेली फाइल कुठल्याही सरकारी कार्यालयाला परवडणार नाही. पण यातले बहुतेक शब्द नीट पाहिले तर कुणीतरी किंवा काहीतरी आपल्याला धरून ठेवलेलं असतं. चिखलाने चाक धरलं. मगरीने गजेंद्राचा पाय धरला. अभिमन्यूला चक्रव्यूहाने कोंडलं. आपली पुराणं अडकलेल्यांनी भरलेली आहेत आणि प्रत्येक ठिकाणी पकडणारा हजर आहे. म्हणून सुटका म्हणजे झटापट. जोर लावा, चाक उचला, देवाचा धावा करा.

स्ट्रँडेड जहाजाला कुणीच धरलेलं नसतं. जहाज होतं तसंच आहे, शिडं जागेवर, सुकाणू शाबूत. फक्त ज्याच्यावर ते चालायचं ते पाणी निघून गेलं आहे. अशा वेळी जोर लावून उपयोग नसतो, उलट लावला तर ते आणखी रुततं. पाण्याने परत यायचं मनावर घ्यावं लागतं. आपल्या पुराणात याच्या आसपास फिरकतो तो एक त्रिशंकू, पण त्याचं दुखणं नेमकं उलटं. त्याला लागायला किनाराच नव्हता.

महाराष्ट्राने हा शब्द मूळ अर्थाने बऱ्याचदा पाहिला आहे. 2011 च्या जूनमध्ये कोलंबोहून अलंगच्या भंगार धक्क्याकडे ओढून नेलं जात असलेलं 'विस्डम' नावाचं जहाज दोर तुटून जुहूच्या वाळूवर येऊन बसलं. नावात शहाणपण असलेलं जहाज भंगारात जाण्याऐवजी जुहूला फिरायला आलं, हे मुंबईकरांना फार आवडलं आणि तिथे जत्रा भरली. ते निघून जाऊन फार दिवस झाले नाहीत तोवर जुलैच्या अखेरीला 'पवित' आलं. खलाशांनी सोडून दिलेलं हे जहाज महिनाभर अरबी समुद्रात एकटंच भटकून, कुणालाही न विचारता त्याच जुहूवर दाखल झालं. रत्नागिरीत 2020 च्या 3 जूनला, निसर्ग वादळाच्या दिवशी, 'बसरा स्टार' मिऱ्याच्या किनाऱ्याला लागलं आणि पुढे वर्षानुवर्षं तिथेच राहिलं. पाहुण्यांना रत्नदुर्ग, थिबा राजवाडा आणि मिऱ्याचं जहाज दाखवायचं, असा क्रमच काही घरांत पडून गेला असेल तर नवल नाही.

आणि 2021 च्या मार्चमधलं ते 'एव्हर गिव्हन' तर सगळ्या जगाने पाहिलं. 400 मीटर लांबीचं जहाज सुएझच्या कालव्यात आडवं बसलं आणि मागे जहाजांची रांग लागली. कालव्याच्या दोन्ही बाजूंना किनारा असतो, तर याचं नाक एका किनाऱ्यात आणि शेपूट दुसऱ्याकडे. जहाजावरचे पंचवीसही खलाशी भारतीय होते, त्यामुळे रस्त्यात आडवी गाडी लावण्याचा अनुभव कामी आला की काय, अशी चेष्टा आपल्याकडेच जास्त झाली. सहा दिवस वाळू उपसली, बोटींनी ढकललं, ओढलं. शेवटी सगळ्यांचं लक्ष लागलं ते पौर्णिमेच्या मोठ्या भरतीकडे. ती पौर्णिमा होळीची होती. 29 मार्चला, इकडे धुळवड चालू असताना, पाणी चढलं आणि जहाज सुटलं. एवढी यंत्रं, एवढे तज्ज्ञ, आणि निर्णायक मदत चंद्राची! विम्याच्या कागदपत्रांत तिची नोंद कोणत्या रकान्यात केली असेल, याची मला उत्सुकता आहे.

हैदराबादेत मात्र हा शब्द उलटा चालतो. इथे पाणी गेल्यामुळे कुणी अडत नाही, आल्यामुळे अडतो. 1908 च्या 28 सप्टेंबरला मुसी नदी शहरात शिरली तेव्हा अफझलगंजच्या दवाखान्याच्या आवारात एक चिंचेचं झाड होतं. सुमारे दीडशे माणसं त्या झाडावर चढली आणि वाचली. खाली हजारो वाहून गेले. उर्दू शायर अमजद हैदराबादींची आई, बायको आणि मुलगी त्या पुरात गेली. झाड अजून आहे, आता त्या जागी उस्मानिया हॉस्पिटल आहे, आणि पुराच्या स्मृतिदिनी लोक त्याच्यापाशी जमतात. चिंचेवर भुतं असतात म्हणून तिन्हीसांजेला तिच्याखालून जाऊ नये, असं आपल्याकडे प्रत्येक आजीने सांगितलेलं असतं. त्या रात्री दीडशे माणसं तिच्यावर बसून होती आणि भुतांनी जागा करून दिली असली पाहिजे. मुसीच्या बंदोबस्तासाठी निजामाने विश्वेश्वरय्यांना बोलावलं. त्यांच्या योजनेतून 1920 मध्ये उस्मान सागर आणि 1927 मध्ये हिमायत सागर उभे राहिले. म्हणजे शहराचे दोन सागर माणसं पाण्यात सापडू नयेत म्हणून बांधलेले आहेत.

तरीही 2020 च्या ऑक्टोबरात पाऊस असा कोसळला की कित्येक वस्त्यांत रस्त्यांवरून होड्या फिरल्या. गच्चीवरची माणसं उतरवून नेणाऱ्या होड्या. त्या आठवड्यात शहरात अशी विलक्षण परिस्थिती होती की होड्या व्यवस्थित तरंगत होत्या आणि माणसं किनाऱ्याला लागली होती, किनारा म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची पाण्याची टाकी.

शब्दाचा मूळ अर्थ, ओहोटीचा, हैदराबादला भेटला तो त्याच वर्षी थोडा आधी, ऐन उन्हाळ्यात, पाण्याचा टिपूसही नसताना. मार्चच्या अखेरीला कोरोनाच्या टाळेबंदीत रेल्वे थांबली. कोट्यवधी माणसं ज्या प्रवाहावर ये-जा करतात तो एका रात्रीत आटला. कुणाला कुणी धरून ठेवलं नव्हतं. हातपाय धड, गाठोडं बांधलेलं, घराचा पत्ता पाठ, फक्त गाडी नाही. नांदेडला गुरुद्वाऱ्यात आलेले पंजाबचे हजारो यात्रेकरू तिथेच राहिले. संगारेड्डीजवळ कांदीला आयआयटीच्या बांधकामावर आलेले झारखंडचे मजूर तिथेच राहिले. 29 एप्रिलला केंद्राच्या गृहखात्याने आदेश काढला. त्यात मजूर, यात्रेकरू, पर्यटक, विद्यार्थी अशा सगळ्यांना मिळून एकच विशेषण होतं, आणि ते कोणतं हे आता सांगायला नको. सरकारी इंग्रजी सहसा शब्द चुकीच्या जागी ठेवण्यासाठी प्रसिद्ध आहे. या वेळी तो बसला तो थेट सतराव्या शतकातल्या खलाशाने मान डोलवावी असा.

देशातली पहिली श्रमिक विशेष गाडी हैदराबादच्या लिंगमपल्ली स्टेशनातून सुटली. 1 मेच्या पहाटे, पाच वाजायच्या थोडं आधी, चोवीस डबे, सुमारे बाराशे माणसं, रांचीजवळच्या हटियाकडे. बाहत्तर जणांच्या डब्यात चौपन्न बसवले होते. एरवी त्या डब्यात बाहत्तर म्हणजे रिकामाच, असं समजणाऱ्या आपल्या लोकांनी ती ऐसपैस जागा बघून काय म्हटलं असेल, देव जाणे. तो दिवस कामगार दिन होता, आपल्याकडे महाराष्ट्र दिनही, पण ध्वज आणि संचलनाकडे त्या वर्षी फारसं कुणाचं लक्ष नव्हतं.

आमच्या हैदराबादी मराठी लोकांना तशी गाडीची ओहोटी नवी नव्हे. काचीगुड्याहून मनमाडला जाणारी लाइन मीटर गेज होती त्या काळात मुंबई-पुण्याला जायचं म्हणजे मनमाडला उतरून मोठ्या रुळावरची गाडी धरायची. पहिली गाडी उशिरा पोचली की दुसरी निघून गेलेली असायची. मग फलाटावर होल्डॉल अंथरून, पोरांना दशम्या देऊन, पुढच्या गाडीची वाट. लग्नाला निघालेली कितीतरी वऱ्हाडं मनमाडला अशी वाळूवर बसली आहेत, आणि मानपान आधी मनमाडच्या फलाटावरच सुरू झाले आहेत.

लंडनला स्ट्रँड नावाचा एक प्रसिद्ध रस्ता आहे. थेम्सच्या काठाने जाणारा म्हणून ते नाव. एके काळी तिथल्या बड्या लोकांच्या वाड्यांच्या मागच्या बागा थेट नदीत उतरायच्या. 1860 च्या दशकात बॅझलजेट नावाच्या इंजिनिअरने काठाला भराव घालून नवा बांध आणि रस्ता काढला, 1870 मध्ये तो खुला झाला, आणि नदी मागे सरकली. स्ट्रँड मात्र होता तिथेच राहिला. आता नाव किनारा आणि समोर दुकानं. आपल्या मुंबईतल्या स्ट्रँड बुक स्टॉलचीही वाट तशीच. शानभागांनी 1948 मध्ये तो कुलाब्याच्या स्ट्रँड सिनेमात, समुद्राच्या हाकेच्या अंतरावर सुरू केला. पुढे दुकान फोर्टात गेलं आणि नाव मात्र बरोबर घेऊन गेलं. तिथे अर्ध्या तासासाठी शिरलेली माणसं दुपारभर बाहेर यायची नाहीत, पण ते स्ट्रँडिंग ऐच्छिक होतं. 2018 मध्ये दुकान बंद झालं.

लंडनच्या त्या रस्त्यासारखं हैदराबादेत कोण आहे, तर इथली मराठी माणसं. काचीगुडा, कुतबीगुडा, बरकतपुरा, सुलतान बाजार इथल्या गल्ल्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहणारी. निजामाच्या राज्यात मराठवाड्याची राजधानी हैदराबाद. कोर्टाचं काम, कॉलेज, मोठं दुखणं, सगळ्यासाठी बीड-परभणीचा माणूस इकडे यायचा, आणि त्यातला एखादा मुक्कामाला राहायचा. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्या पिढीने विवेक वर्धिनीसारखी शाळा उभी केली, इसामिया बाजारात मराठी ग्रंथसंग्रहालय आलं. मराठीची भरती होती. 1956 च्या 1 नोव्हेंबरला हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले, कन्नड जिल्हे म्हैसूरला, तेलंगण आंध्रला. पाणी वायव्येकडे गेलं आणि ही घरं आपल्या जागी राहिली. कुणी सामान हलवलं नाही, कुणी गाव सोडलं नाही, फक्त एके सकाळी ती सगळी परराज्यातली मराठी माणसं झाली होती.

1940 च्या सुमाराला कुतबीगुड्यात जन्मलेल्या माणसाने पत्ता न बदलता निजामाचं राज्य, हैदराबाद राज्य, आंध्र प्रदेश आणि 2014 पासून तेलंगणा, अशा चार ठिकाणी वास्तव्य केलं आहे. पुण्यातल्या लोकांना यासाठी निदान चार वेळा भाड्याचं घर बदलावं लागतं.

पण किनाऱ्याला लागलेल्या जहाजासारखं तोंड करून ही माणसं बसलेली नाहीत, हे सांगितलं पाहिजे. गणपतीत आरास तीच, संक्रांतीला गूळपोळी तीच, उगादीला शेजारच्या तेलुगू घरातली पच्चडी, ईदेला समोरच्यांकडचा शीरखुर्मा. मराठी तर त्यांच्या आधीच इथल्या बोलीत विरघळून बसली होती. दखनीतलं 'नक्को' म्हणजे आपलं नको आणि 'हल्लू' म्हणजे आपलं हळू. पाण्याची पातळी खाली गेली असेल, पण जमिनीत झिरपलेलं कुणी उपसून नेलं नाही. आणि बदल्यात त्यांनी या बोलीचा वेळेचा हिशेब आनंदाने उचलला आहे. हैदराबादी 'परसों' म्हणजे परवाच, असं मुळीच नाही. गेला आठवडा परसों, मागचा रमजान परसों, आणि मूड लागला तर निजाम मीर महबूब अलींचा जमानाही परसोंच.

आमच्या नात्यातल्या कुतबीगुड्याच्या मामांकडे पुण्याहून भाचा आला होता. आयटीतली नोकरी, बदली झालेली, पहिल्याच संध्याकाळी पावसात सापडून भिजून पोचलेला. मामींनी टॉवेल दिला, कोपऱ्यावरून उस्मानिया बिस्किटं आली. अंग पुसता पुसता त्याला कुतूहल वाटलं.

'मामा, तुम्ही सगळे इथे अडकलात कसे?'

'अडकलो?' मामा दुखावले. 'अडकलास तू. आम्ही राहतो.'

'तसं नव्हे हो. म्हणजे, कधीपासून?'

मामांनी बिस्कीट चहात बुडवलं, वेळेवर बाहेर काढलं आणि म्हणाले, 'परसों से.'